४८के स्पेक्ट्रमला एवाय-३-८९१० जोडली आहे: सूर थरथरतो, रजिस्टर वाचता येत नाही

परळ४८के

नमस्कार मंडळी,

डीबी स्पेक्ट्रम प्लस या जुन्या होम कॉम्प्युटरच्या (४८के) मागच्या एज कनेक्टरला एवाय-३-८९१० ही आवाजाची चिप जोडली आहे. आवाजाची चिप आतच असलेल्या १२८के मॉडेलसाठी लिहिलेले प्लेअर (गाणी वाजवणारे प्रोग्राम) काही न बदलता चालावेत म्हणून पोर्ट १२८चेच ठेवलेत: रजिस्टर निवडायला आणि वाचायला ६५५३३, डेटा लिहायला ४९१४९. वेरोबोर्डवर सध्या असं आहे:

क्लॉक एज कनेक्टरवरूनच घेतलाय (खालची बाजू, ८ नंबर). तो ७४एचसी७४ ने दोनने भागून चिपच्या २२ नंबर पिनला दिला आहे.

डिकोडिंगसाठी ए१५ हाय, ए१ लो, आयओआरक्यू लो आणि डब्ल्यूआर लो असं चारही जमलं की ‘सिलेक्ट’ मिळतं. चिपच्या हुकूम घेणाऱ्या पिनांपैकी बीडीआयआरला तेच सिलेक्ट जातं. बीसी१ ला सिलेक्ट आणि ए१४ यांचा अँड. बीसी२ थेट +५ ला. गेटच्या सगळ्या चिप ७४एचसी आहेत.

आउटपुटला तिन्ही चॅनलच्या पिना एकत्र बांधून १ किलोओहम ग्राउंडला, पुढे १० मायक्रोफॅरड आणि मग कॉम्प्युटरचे साधे स्पीकर.

आवाज येतो, पण:

१. बेसिकमधून एक लांब सूर लावला की तो खरखरीत, थरथरता येतो. ३२७६८च्या वर मशीन कोड नुसता फिरत असला की तोच सूर स्वच्छ लागतो.

२. प्रिंट इन ६५५३३ केलं की लिहिलेली किंमत परत येत नाही. बहुतेक वेळा २५५, मधूनच ० किंवा ५६.

३. काहीही वाजत नसताना पाठीमागे बारीक शिट्टी आणि गुणगुण चालू असते.

शिवाय एज कनेक्टर. मी दोन तुकडे जोडून चालवलंय, पण ते हलतं. २×२८ चा, खाचेवाला कनेक्टर मुंबईत कुठे मिळेल?

झेडऐंशी

पहिल्या दोन अडचणींची कारणं तुमच्या वर्णनातच आहेत. शिट्टीचं वेगळं बघावं लागेल.

क्लॉकपासून सुरुवात करू. एज कनेक्टरवर येतो तो झेड८० प्रोसेसरचा क्लॉक, आणि ४८के मध्ये तो अखंड नसतो. १६३८४ ते ३२७६७ ही रॅम यूएलए (पडदा रंगवणारी चिप) आणि झेड८० दोघंही वापरतात. यूएलए पडद्याचे बाइट वाचत असताना झेड८० त्या रॅमकडे वळला की यूएलए त्याचा क्लॉकच रोखून धरते, एका वेळी सहा टी-स्टेटपर्यंत (क्लॉकचे ठोके). बेसिकचा प्रोग्राम आणि सिस्टिम व्हेरिएबल याच रॅममध्ये असल्यामुळे बेसिक चालू असताना हे सतत घडतं. अडवणूक फ्रेमच्या ३१२ ओळींपैकी पडद्याच्या १९२ ओळींतच होते, बॉर्डरच्या ओळींत नाही. म्हणजे तुमच्या चिपला मिळणारा सरासरी क्लॉक सेकंदाला ५० वेळा मंदावतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. कानाला थरथर ऐकू येते ती हीच.

खात्री करायची असेल तर सूर चालू ठेवून हे द्या:

पोक ३२७६८,२४३: पोक ३२७६९,११८: रँडमाइझ यूएसआर ३२७६८

हे डीआय (इंटरप्ट बंद) आणि हॉल्ट (थांब) आहे. झेड८० वरच्या रॅममध्ये थांबतो, खालच्या रॅमकडे फिरकत नाही, आणि सूर त्या क्षणी सरळ होतो. मशीन मात्र अडकून बसतं, बाहेर पडायला रिसेटच.

उपाय एकच, चिपला स्वतःचा क्लॉक द्यायचा. एवाय आणि झेड८० यांचे क्लॉक जुळलेले असण्याची गरज नाही, रजिस्टर लिहिणं-वाचणं बीडीआयआर आणि बीसी१ वर चालतं. ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल घ्या. फोनचे डीटीएमएफ टोन ओळखणाऱ्या एमटी८८७० सोबत तोच लागतो, त्यामुळे सहज मिळतो. एक ७४एचसीयू०४ घ्या, यू असलेलाच. पिन १ आणि २ च्या मध्ये क्रिस्टल आणि त्याला समांतर १ मेगओहम, दोन्ही पिनांवरून २२ पिकोफॅरड ग्राउंडला. पिन २ वरून ३ ला, आणि ४ वरचं आउटपुट तुमच्या ७४एचसी७४च्या पिन ३ ला. उरलेल्या इनपुट पिना (५, ९, ११, १३) ग्राउंडला बांधा, मोकळ्या सोडू नका. ७४ मध्ये २ आणि ६ एकमेकांना, १ आणि ४ हे +५ ला, ५ वरून एवायला १.७८९८ मेगाहर्ट्झ. साध्या, बफर असलेल्या गेटवर हा ऑसिलेटर कधी सुरू होतो, कधी भलत्याच फ्रिक्वेन्सीला धावतो, म्हणून यू. चार पायांचा तयार ऑसिलेटर मिळाला तर एचसीयू०४ लागणारच नाही.

आता वाचन. तुमच्या सर्किटमध्ये बीसी१ हाय व्हायला डब्ल्यूआर लो लागतं. वाचताना डब्ल्यूआर हायच असतं, म्हणजे चिपला ‘वाच’ असा हुकूम कधी मिळतच नाही. मग झेड८० ला मिळतं ते बसवर तरंगत असलेलं काहीतरी. बॉर्डर चालू असेल तर २५५, पडदा चालू असेल तर यूएलएने नुकताच वाचलेला बाइट. ५६ म्हणजे पांढरा कागद, काळी शाई (७ × ८ + ०). मोकळ्या पडद्याचा ॲट्रिब्यूट (रंगाचा) बाइट तुम्हाला दिसतोय.

पूर्ण डिकोडिंग असं करा. ७४एचसीटी००, ७४एचसीटी३२ आणि ७४एचसीटी०२, प्रत्येकी एक:

पी = नॅंड (ए१५, एम१)
क्यू = ऑर (ए१, आयओआरक्यू)
एन = ऑर (पी, क्यू), हे लो म्हणजे आपला पोर्ट
बीडीआयआर = नॉर (एन, डब्ल्यूआर)
बीसी१ = नॉर (एन, उलटा ए१४)

ए१४ उलटा करायला ०० मधलंच दुसरं गेट, दोन्ही इनपुट एकत्र बांधून. ६५५३३ ला लिहिलं की दोन्ही हाय (रजिस्टर निवड), ४९१४९ ला लिहिलं की नुसतं बीडीआयआर (डेटा लेखन), ६५५३३ वाचलं की नुसतं बीसी१ (वाचन). ०० आणि ३२ मध्ये गेटचे इनपुट १, २ आणि आउटपुट ३ असतं. ०२ मध्ये आउटपुट १ आणि इनपुट २, ३. हे उलटं आहे. वेरोबोर्डवर सगळ्यात जास्त चुका याच चिपपाशी होतात.

एचसी नको, एचसीटी. झेड८०ए एनमॉस आहे आणि त्याच्या हायची हमी फक्त २.४ व्होल्टची. ५ व्होल्टवर चालणाऱ्या एचसी गेटला हाय मानायला साधारण ३.५ व्होल्ट लागतात. एचसीवर सर्किट टेबलावर चालतं आणि मशीन तापल्यावर रुसतं, मग दोष शोधत बसावं लागतं. एचसीटी नाहीच मिळाली तर एलएस चालेल. क्रिस्टलच्या बाजूचे एचसीयू०४ आणि एचसी७४ तसेच राहू द्या, तिथे झेड८०चा संबंध नाही.

इतर जोड्यांशी भांडण होणार नाही. यूएलएला ए० लो लागतं, आपले दोन्ही पोर्ट विषम आहेत. केम्प्स्टन जॉयस्टिक ए५ लो बघते, आपल्याकडे ए५ हाय. इंटरफेस १ ए३ आणि ए४ वर चालतो, तेही आपल्याकडे हायच.

ग्रँटरोडकर

कनेक्टरचं बोलतो. स्पेक्ट्रमसाठीचा खास २×२८ शोधत फिरू नका. २.५४ मिलिमीटर पिचचा २×३१ म्हणजे जुन्या पीसीचा आठ बिटचा आयएसए स्लॉट. ३८६, ४८६ चे मदरबोर्ड भंगारात अजून येतात, आणि एका बोर्डावर पुरतील इतके स्लॉट असतात. सोळा बिटच्या लांब स्लॉटचा मोठा भागही तोच २×३१ आहे. हॉट एअरने खालून समान तापवून एकदम काढा. पंपाने एकेक पिन करत बसलात तर प्लॅस्टिक वाकतं. मग बारीक हॅक्सॉने तीन जागा कापून २८ ठेवा. पाचव्या जागेवरच्या वरच्या-खालच्या दोन्ही पिना पक्कडीने ओढून काढा आणि तिथे तांबं खरवडलेल्या फायबर बोर्डचा छोटा तुकडा अरल्डाइटने बसवा. तो तुकडा स्पेक्ट्रमच्या खाचेत गेला पाहिजे.

हा तुकडा टाळू नका. खालच्या बाजूला +५ तीन नंबरवर आणि +९ चार नंबरवर शेजारी शेजारी आहेत, वरच्या बाजूला -५ आणि +१२ ही आहेत. कनेक्टर एका पिनने सरकून बसला तर लॉजिकवर ९ व्होल्ट जातात. -५ किंवा +१२ क्षणभर शॉर्ट झालं तर खालच्या ४११६ रॅमपैकी काही चिप जातात, आणि त्या आता शोधून आणाव्या लागतात. मशीन चालू असताना बोर्ड लावू-काढू नका, हलवूही नका. स्पेक्ट्रमला स्विच नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी ॲडॉप्टरची पिन आधी काढायची.

लावण्याआधी स्पेक्ट्रमची कड पांढऱ्या खोडरबराने घासून आयसोप्रोपाइलने पुसा. आपल्या पावसाळ्यात त्या पट्ट्यांवर थर चढतो आणि नेमकी एखादी डेटा लाइन दगा देते.

७४एचसीटी, क्रिस्टल, वेरोबोर्ड, चाळीस पिनांचा सॉकेट हे सगळं लॅमिंग्टन रोडला एका फेरीत होतं. चिप सॉकेटशिवाय बसवू नका. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. एचसीटी०२ मागितल्यावर एचसी०२ हातात पडू शकतो, पाकीट उघडून छाप वाचूनच पैसे द्या.

एवाय चिपबद्दल. आज ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच ८९१० जुन्या बोर्डांवरून काढलेल्या असतात आणि पुष्कळदा नवा छाप मारलेल्या. एवाय लिहिलेली आतून यामाहा वायएम२१४९ निघते, कधी वायएम लिहिलेली आतून एवाय. कापसावर ॲसिटोन घेऊन छाप पुसला जातोय का बघा. खरी परीक्षा वाचनाची: रजिस्टर १ मध्ये २५५ लिहा आणि परत वाचा. एवायमध्ये ते रजिस्टर चारच बिटांचं आहे, १५ येईल. वायएम आठही बिट जसेच्या तसे परत देते, २५५ येईल.

दोन्ही वाजतात. फरक २६ नंबर पिनेत आहे. वायएममध्ये ती ग्राउंड केली की आत क्लॉक अर्धा होतो, एवायमध्ये ती टेस्ट पिन आहे आणि मोकळीच सोडायची असते. बाहेर ७४ ने भागून २६ मोकळी ठेवली की आत कोणतीही चिप असो, बोर्ड तोच चालतो. म्हणून वायएम हातात असली तरी ७४ वाचवायला जाऊ नका.

बाकीच्या पिना: १ ग्राउंड, ४० ला +५, २३ रिसेट (कनेक्टरवर खाली २०), २४ ग्राउंडला, २५ हे +५ ला. ३९ मोकळी. आयओच्या सोळा पिना मोकळ्या चालतील.

परळ४८के

दोघांचेही आभार. क्रिस्टल टाकला, सूर बेसिकमध्येही सरळ झाला. एचसीटी आणल्या, बीसी१ मधून डब्ल्यूआर काढला. रजिस्टर ० मध्ये २५४ लिहून २५४ परत येतात, रजिस्टर १ मध्ये १५ येतात, म्हणजे चिप एवायच.

एम१ ची वायर मात्र अजून टाकलेली नाही. सध्याच्या कनेक्टरवर वरची २४ नंबरची पिन दोन तुकड्यांच्या सांध्यात आहे, तिथे सोल्डर धरत नाही. नॅंडचं ते इनपुट +५ ला बांधून ठेवलंय. बहुतेक सगळं चालतं, पण एक प्रोग्राम बोर्ड लावलेला असला की सुरू होताच अडकतो, बोर्ड काढला की नीट चालतो. बाकीचे आयएम२ (झेड८०ची एक इंटरप्ट पद्धत) वापरणारे प्रोग्राम चालतात. हे एम१ मुळेच, की दुसरं काही?

अजून एक. आवाजाचं रजिस्टर ८ कधी कधी लागू होत नाही असं वाटतं.

झेडऐंशी

अडकण्याचं कारण एम१ च. इंटरप्ट स्वीकारताना झेड८० आयओआरक्यू आणि एम१ एकाच वेळी लो करतो, आणि तेव्हा ॲड्रेस बसवर प्रोग्राम काउंटर असतो. प्रोग्राम ४९१५२च्या वर चालत असेल तर ए१५ आणि ए१४ दोन्ही हाय. त्यात नेमका ए१ लो असला की तुमच्या सर्किटला ते ६५५३३चं वाचन वाटतं. बीसी१ हाय होतो आणि एवाय निवडलेल्या रजिस्टरचा मजकूर बसवर टाकते.

आयएम१ मध्ये झेड८० त्या बाइटकडे बघतच नाही, म्हणून बेसिकला काही होत नाही. आयएम२ मध्ये तो बाइट व्हेक्टरचा खालचा भाग ठरतो. ज्या प्रोग्रामनी २५७ बाइटचा एकसारखा तक्ता ठेवलाय ते कोणताही बाइट आला तरी योग्य जागी उडी मारतात, म्हणून तुमचे बाकीचे वाचतात. जो प्रोग्राम बसवर २५५च येईल असं धरून दोन बाइटचा एकच व्हेक्टर ठेवतो, तो एवायने वेगळं काही टाकलं की भरकटतो. ए१ लो असण्याची शक्यता अर्धीअर्धी आणि इंटरप्ट सेकंदाला ५०, म्हणजे फार वेळ थांबावं लागत नाही.

एम१ पर्यंत पोचणं खरोखर अशक्य असेल तर दुसरा मार्ग आहे. बीसी१ ला ‘आरडी किंवा डब्ल्यूआर यांपैकी एक लो’ अशी अट घाला. इंटरप्ट स्वीकारताना दोन्ही हाय असतात, परिणाम तोच. पण एक नॅंड, एक नॉर वाढवण्यापेक्षा आयएसएचा स्लॉट कापून एम१ घ्या. किंवा सगळं डिकोडिंग एका जीएएल१६व्ही८ या प्रोग्रॅम करता येणाऱ्या लॉजिक चिपमध्ये टाका. इनपुट फक्त सहा आहेत. टीएल८६६ सारखा प्रोग्रॅमर हाताशी असेल तर वेरोबोर्डवरच्या तीन चिपची जागा एक घेते.

रजिस्टर ८ बद्दल. डेटा लाइन पुन्हा तपासा. कनेक्टरवर वरच्या बाजूला त्यांचा क्रम सरळ नाही: ३ वर डी७, मग ६, ७, ८ वर डी०, डी१, डी२, मग ९ वर डी६, १० वर डी५, ११ वर डी३, १२ वर डी४. चिपवर मात्र ३७ पासून ३० पर्यंत डी० ते डी७ ओळीने. डी३ आणि डी४ यांची अदलाबदल ही इथली नेहमीची चूक. रजिस्टर ० ती पकडू शकत नाही, कारण लिहिताना जी अदलाबदल होते तीच वाचताना उलट होऊन बरोबर आकडा परत येतो. पण रजिस्टरचा क्रमांक पाठवताना ८ चा १६ होतो, आणि एवायला वरचे चार बिट शून्य लागतात, नाहीतर ती निवड स्वतःची मानतच नाही. म्हणजे ० ते ७ चालतात आणि ८ पासून पुढचं सगळं गप्प.

यावर नेमकी चाचणी: रजिस्टर १ मध्ये ८ लिहून वाचा, ८ च यायला हवेत. शून्य आलं तर वायर उलटी आहे. तुमची चिप एवाय असल्यामुळे ही चाचणी चालते, वायएमवर चालणार नाही. तुम्हाला ‘कधी कधी’ दिसतंय, त्यामुळे वायरी बरोबर निघाल्या तर डी३ चा सांधा कच्चा असण्याचीच शक्यता जास्त. तुमच्या दोन तुकड्यांच्या कनेक्टरची ११ नंबरची पिन बघा.

पार्ल्याची राणी

शिट्टी आणि गुणगुण यावर.

शिट्टी स्पेक्ट्रमच्या आतूनच येते. +१२ आणि -५ बनवणारा छोटा कॉइलवाला कन्व्हर्टर बोर्डावरच आहे आणि त्याचा गाळ +५ वर उतरतो. एवायचं आउटपुट थेट +५ वर अवलंबून असल्यामुळे सप्लायवर जे आहे ते आवाजात दिसतं. बोर्डावर +५ शिरतो तिथे ४७ मायक्रोफॅरड, प्रत्येक लॉजिक चिपशेजारी १०० नॅनोफॅरड, आणि एवायच्या ४० व १ या पिनांमध्ये वेगळा १०० नॅनोफॅरड. त्या दोन पिना चिपच्या एकाच टोकाला समोरासमोर आहेत, कपॅसिटर सॉकेटच्या आत आडवा बसतो. तेवढ्याने भागलं नाही तर एवायच्या +५ च्या वाटेत १० ओहम टाकून त्यानंतर १०० मायक्रोफॅरड द्या. ही चिप ७५ मिलिअँपपर्यंत खाते असं धरलं तरी पाऊण व्होल्टच कमी होईल. पण ४० नंबर पिनवर मोजा, आणि ४.७५ च्या खाली दिसलं तर १० ऐवजी २.२ ओहम घ्या.

गुणगुण ग्राउंडची. खालच्या बाजूचे ६ आणि ७ दोन्ही ०-व्होल्ट आहेत, दोन्ही वापरा आणि जाड वायर घ्या. ऑडिओ सॉकेटचं ग्राउंड एवायच्या पिन १ वरूनच निघालं पाहिजे. लॉजिकच्या ग्राउंड पट्टीच्या शेवटी जोडलंत तर गेटचा सगळा करंट तुमच्या आवाजाच्या वाटेने जातो.

तिन्ही चॅनल थेट एकत्र बांधू नका. एक चॅनल चढला की दुसऱ्याची पातळी हलते, मोठ्या आवाजात कोर्ड दबून येतात. आणि स्टिरिओचीही संधी जाते. असं करा: ए (पिन ४), बी (पिन ३), सी (पिन ३८), प्रत्येकावरून १ किलोओहम ग्राउंडला. ए वरून ४.७ किलोओहम डावीकडे, सी वरून ४.७ किलोओहम उजवीकडे, बी वरून दोन १० किलोओहम, एक डावीकडे, एक उजवीकडे. मग दोन्ही बाजूंना १० मायक्रोफॅरड, प्लस चिपकडे, आणि कपॅसिटरच्या पुढे १० किलोओहम ग्राउंडला, म्हणजे जॅक लावताना धाडकन आवाज येत नाही. हे एबीसी झालं. सी मधोमध ठेवणाऱ्या एसीबी मांडणीसाठी बनवलेली गाणीही भरपूर आहेत, तेव्हा बी आणि सी च्या जागा बदलणारा दोन पोलांचा छोटा स्विच टाकला तर दोन्हीची सोय होते. हे लाइन आउटपुट आहे, हेडफोन थेट चालवणार नाही.

बीपर (स्पेक्ट्रमचा मूळ आवाज) त्याच स्पीकरमध्ये हवा असेल तर माइक सॉकेटवरून २२ किलोओहमचे दोन रेझिस्टर, दोन्ही बाजूंना एकेक. तो जास्त मोठा वाटला तर ४७. माइक सॉकेट यासाठी घेतला की ईअर सॉकेट मोबाइलवरून प्रोग्राम लोड करायला मोकळा राहतो.

उष्णतेचंही बघा. ७५ मिलिअँप जास्तीचे म्हणजे स्पेक्ट्रमच्या ७८०५ वर साधारण ०.३ ते ०.४ वॉट वाढले. ॲडॉप्टरचे ९ व्होल्ट प्रत्यक्षात त्याहून जास्त असतात आणि तो ७८०५ आधीच हात लावू न देण्याइतका तापतो. मे महिन्यात मुंबईच्या खोलीत हे चालवायचं तर ७८०५ च्या जागी बसणारा, त्याच तीन पायांचा स्विचिंग मॉड्यूल टाका, किमान १ अँपचा. पुष्कळदा दुकानात ५०० मिलिअँपचा हातात देतात, तो पुरणार नाही. त्याच्या इनपुट-आउटपुटला उत्पादकाने सांगितलेले कपॅसिटर द्यायला विसरू नका, नाहीतर शिट्टी गेली आणि दुसरी आली असं होईल.

परळ४८के

११ नंबरची पिनच सैल होती. आयएसए स्लॉट कापून बसवला, एम१ जोडला, तो अडकणारा प्रोग्राम चालतो. चॅनल वेगळे केल्यावर कोर्ड एकदम मोकळे झाले, खूप आभार.

शेवटचा प्रश्न. पेटीबरोबर लावून बघितलं तर सगळं किंचित चढं लागतं. हे क्रिस्टलमुळे का?

झेडऐंशी

हो. १२८के मध्ये एवायला १.७७३४ मेगाहर्ट्झ मिळतात, तुमच्याकडे १.७८९८. फरक ०.९ टक्के, म्हणजे सुमारे १६ सेंट (अर्ध्या सुराचे शंभरावे भाग) चढं. सुरांचं आपापसातलं अंतर बिघडत नाही, त्यामुळे एकट्याने ऐकताना कळत नाही, दुसऱ्या वाद्यासोबत कळतं.

स्वतःचे सूर वाजवायचे असतील तर आकडे तुमच्या क्लॉकवरून काढा: टोनचा आकडा = क्लॉक ÷ (१६ × फ्रिक्वेन्सी). ४४० हर्ट्झसाठी १७८९७७२ ÷ ७०४० = २५४.२, म्हणून २५४. १२८के साठीच्या तक्त्यात तिथे २५२ असतं. तपासायला:

आउट ६५५३३,७: आउट ४९१४९,६२
आउट ६५५३३,०: आउट ४९१४९,२५४
आउट ६५५३३,१: आउट ४९१४९,०
आउट ६५५३३,८: आउट ४९१४९,१५

रजिस्टर ७ मध्ये ० म्हणजे चालू, १ म्हणजे बंद, म्हणून ६२ ने फक्त ए चा टोन उघडतो. मोबाइलवरच्या ट्यूनरवर ४४०च्या आसपास दिसायला हवं.

तयार गाणी १२८च्या पट्टीत हवी असतील तर १७.७३४४७५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल घेऊन दहाने भागा. ७४एचसी३९० चा अर्धा भाग पुरतो, आधी पाचने आणि मग दोनने भागा म्हणजे आउटपुट समसमान येतं. एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला तयार ऑसिलेटर मिळाला तर तोच बरा. वेरोबोर्डच्या पट्ट्यांवर सुटा क्रिस्टल लावायचा तर वायरी एक सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि ७४एचसी७४ काढून टाका, ३९० चं आउटपुट थेट २२ नंबर पिनला.